कोरडे केस

एप्रिल अर्धा सरतो, अमरावतीतल्या कूलरांना वाळ्याच्या नव्या ताट्या लागतात, भरदुपारी रस्ते ओस पडतात आणि आमच्या जलतरण तलावावर बायकांची बॅच सुरू होते. दरवर्षी पहिल्या दिवशी पाण्याला पाय लावायच्या आधी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, केस भिजतील का हो?" माझ्या हाताखालच्या पोरी तोंड फिरवून हसतात. पोहायला यायचं आणि केस भिजायला नकोत, म्हणजे जेवायला बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. मी मात्र हसत नाही. टोपी कशी घालायची ते दाखवते आणि खरं तेच सांगते, की टोपी घातली तरी केस भिजतात. ज्यांना चालतं त्या उतरतात, बाकीच्यांना मी थोडे दिवस देते.

यंदा हा प्रश्न विचारणाऱ्यांत माझी माय होती.

तिचे गुडघे गेली काही वर्षं कुरकुरत होते. या उन्हाळ्यात तिला आणि बाबांना मी हिवरखेडहून अमरावतीला आणलं ते त्यासाठीच. डॉक्टर तरुण होते, गोड बोलणारे. म्हणाले, "पाण्यात चालत जा, आजी. गुडघ्यांवर भार येत नाही. पोहता येत असेल तर फारच छान. येतं का पोहता?" मायनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग शेजारच्या खुर्चीवर दुपट्ट्यानं मान पुसत बसलेल्या बाबांकडं चोरून पाहिलं आणि म्हणाली, "छा! मले कुठचं येते?"

मी तिच्याकडं बघतच राहिले. शाळेपासून विद्यापीठापर्यंत मी ब्रेस्ट स्ट्रोकच्या शर्यती मारल्या, राज्याची पदकं आणली, त्याच पोहण्यावर नोकरी मिळवली. आणि ज्या बाईनं मला पोहायला शिकवलं ती बाई डॉक्टरांशी धडधडीत खोटं बोलत होती. बाबा खाली मान घालून चपलेचा अंगठा नीट करत होते.

आमच्या वावरात पायऱ्यांची विहीर होती. सातपुडा जवळ, त्यामुळं उन्हाळ्यातही तिला पाणी असायचं. कपाशीची पऱ्हाटी उपटून झालेली, वावर नांगरून तापत पडलेलं, सकाळी काडीकचरा वेचायला आलेल्या बाया ऊन चढायच्या आत घरी गेलेल्या. बाबा पलीकडच्या बांधावर आंब्याखाली आडवे व्हायचे. अशा दुपारी माय पंपाच्या खोपडीत जाऊन जुनं लुगडं नेसायची, कासोटा घट्ट मारायची, केसांचा अंबाडा पार टाळूवर ओढून त्याला फडकं बांधायची आणि पायऱ्या उतरून पाण्यात शिरायची. आवाज म्हणून व्हायचा नाही. हनुवटी पाण्याला टेकलेली, दोन्ही हात छातीशी जुळून पुढं जायचे, उघडायचे, खाली पाय बेडकासारखे दुमडून झटकले जायचे. विहिरीच्या कडेकडेनं ती गोल फिरत राहायची आणि फिरता फिरता बोलायची. घरी दिवसभरात बोलत नसे इतकं ती तिथं बोलायची. माहेरची पूर्णा नदी, नदीच्या वाळूतली टरबुजं, मोठ्या पुराच्या वर्षी तिनं पकडून आणलेली कुणाची तरी बकरी. मी पायरीवर बसून ऐकायची. मायला इतकं खूश मी दुसरीकडं कुठंच पाहिलेलं नाही.

मला तिनंच पाण्यात घेतलं. माझ्या हनुवटीखाली तिचा तळहात असायचा. "मान वर ठेव व. वर. पानी गयाच्या वर नाई आलं पायजे." आणि सगळ्यात महत्त्वाचा धडा हा, की बुडी मारायची नाही. लुगडं ओलं झालं तर झालं, वऱ्हाडातलं ऊन ते तासाभरात कडक वाळवतं. केसांचं तसं नाही. तिचे केस कमरेपर्यंत, दाट. अंबाड्यात एकदा पाणी गेलं की संध्याकाळपर्यंत ओल जात नाही आणि तेलात विहिरीचा वास बसतो. घरी मोठी मंडळी होती. सुनेनं विहिरीत पोहणं म्हणजे त्यांच्या लेखी जीव द्यायला जाण्याच्या अलीकडची पायरी. "केसं वले झाले का साऱ्या घराले समजते," माय म्हणायची. म्हणून ती कोरड्या केसांनी पोहायची, आणि मीही तशीच शिकले. मला वाटायचं, पोहणं म्हणतात ते हेच.

कधी कधी मध्येच आंब्याकडून बाबांची हाळी यायची, "हाड! हाड, हाड!" कुत्र्यांना हाकलत ते इकडं यायचे. तो आवाज आला की माय म्हणायची, "आले. कुत्रे हाकलून राहिले," आणि झपाझप पायऱ्या चढून खोपडीत जायची. बाबा पोचेपर्यंत ती कोरड्या लुगड्यात भाकरीचं फडकं सोडत बसलेली. बाबांचीही कमाल, की ते कधी सरळ यायचे नाहीत. बांधावर थांबायचे, बिडी पेटवायचे, आभाळाकडं बघायचे. मला त्यांच्या त्या रेंगाळण्याचा राग यायचा, कारण मला भूक लागलेली असायची.

चौदाव्या वर्षीचा उन्हाळा मला सगळ्यात जास्त आठवतो. सुट्टीत मला अकोल्याला मामाकडं ठेवलं होतं, मोर्णा नदीपलीकडं जुन्या शहरात. गल्ली इतकी अरुंद, की दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीला कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागायचं. मामानं उन्हाळी शिबिरात माझं नाव घातलं आणि मी पहिल्यांदा चौकोनी पाणी पाहिलं. तळ दिसतो, पायऱ्या लोखंडाच्या, आणि पाण्याला दवाखान्याचा वास. माझं पोहणं बघायला शिबिरातली पोरं काठावर जमली. वीतभर वर काढलेली मान, ताठ चेहरा, आणि खाली पाय मात्र असे चालत होते, की बघता बघता मी पलीकडं.

शिकवायला शमीम मॅडम होत्या. अकोल्याच्याच, जुन्या शहरातल्या. डोक्यावर ओढणी, गळ्यात शिट्टी, आणि आवाज असा, की शिट्टीची गरज पडू नये. त्यांनी मला काठाशी बोलावलं. "ए लडकी, तू पोहून राहिली का घोड्यावर बसून वरातीत चालली? पाय तुझे सोना हैं सोना. पण हे मुंडकं खाली कोन टाकणार, मी?"

त्यांनी मला समजावलं. डोकं वर राहिलं की कंबर बुडते, कंबर बुडली की पायांची अर्धी ताकद अंग वर ओढण्यातच जाते. हात पुढं सोडले की डोकं हातांच्या मध्ये पाण्यात जायला हवं. मग काही करायचं नाही, नुसतं सरकायचं. "ब्रेस्ट स्ट्रोकवालीला सबर पायजे. जो घाई करेल, तो थकेल." मला सगळं समजत होतं. पण डोकं खाली न्यायची वेळ आली की मान आपोआप ताठ व्हायची. हनुवटीखाली मायचा तळहात आहे असंच वाटायचं.

उन्हाळ्याच्या शेवटी अमरावतीला निवड चाचणी होती. त्यात निवड झाली तर पुढं अकोल्यातच शाळा, मॅडमकडं सराव, स्पर्धा. नाही झाली तर परत हिवरखेड आणि पोहणं संपलं, कारण मोठी झालेली पोर विहिरीत उतरताना कुणी पाहिलं असतं तर पुन्हा उतरू दिलं नसतं. मॅडमनी पिशवीतून पिवळी रबरी टोपी काढली. "ले. आता केस नाई भिजत. डाल मुंडी." मी टोपीवर विश्वास ठेवला, डोळे मिटले आणि डोकं पाण्यात घातलं. एक अख्खी फेरी तशी मारली. मॅडम काठावरून नाचल्याच म्हणायच्या. कपडे बदलायच्या खोलीत टोपी ओढून काढली तर वेणीतून पाणी ठिबकायला लागलं. मी तिथंच भिंतीशी बसून रडले.

मॅडम आत आल्या आणि माझ्या शेजारी फरशीवर बसल्या. "केसांचं काय हाय बेटा? घरी रागवतात?"

मायचं नाव सांगायचं नव्हतं. मी म्हटलं, "सवय हाय."

त्यांनी स्वतःची सरकलेली ओढणी सारखी केली आणि हळू विचारलं, "सवय तुझीच हाय ना? का दुसऱ्या कोनाची?" मी वेणी पिळायला घेतली.

त्याच आठवड्यात माय कुरड्या करायला मामाकडं आली. संध्याकाळी गच्चीवर कुरड्यांच्या चादरी गोळा करून झाल्यावर ती माझ्या डोक्याला तेल लावायला बसली. खाली गल्लीत अत्तरवाल्याचं दुकान होतं, गच्चीपर्यंत वास यायचा. मी तिला म्हटलं, "मॅडम डोकं पान्यात घालाले सांगतात."

"मंग घाल."

"केसं वले होतात."

तिचा हात थांबला. "तू सांगतलं का त्याइले? आपलं?"

"नाई."

मग तिनं माझी अर्धी घातलेली वेणी सोडली, पुन्हा घालायला घेतली, पुन्हा सोडली. "पोरी, आयक. वले होऊ द्याचे नाईत ते माह्ये केसं. तुह्ये होऊ दे."

"तुह्ये काहून नाई?"

"मी सून हाय त्या घरची," ती म्हणाली. "तू लेक हायेस. माह्यासाठी म्हनून कोरडी राहू नको बाप्पा." आणि तिनं माझ्या डोक्यावर असा काही हात दाबला, की मला वाटलं ती मला तिथंच, गच्चीवर, पाण्याखाली घालते आहे. मी तिच्या मांडीत तोंड खुपसलं. तिचं स्वतःचं डोकं कधी भिजणार, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही.

चाचणीच्या दिवशी बाबा मला एसटीनं अमरावतीला घेऊन आले. उन्हानं खिडकीचे गज धरवत नव्हते. माय आली नाही, तिला येता येणार नव्हतंच. शर्यत सुरू झाली, मी उडी मारली, हात पुढं सोडले आणि डोकं खाली घातलं. खाली एकदम शांत. काठावरचा आरडाओरडा, शिट्ट्या, सगळं बंद. वर आलं की गोंगाट, खाली गेलं की गप्प, पुन्हा गोंगाट, पुन्हा गप्प. एवढी सुंदर जागा पाण्याखाली असते आणि माय तिच्या इतक्या जवळ असून कधी तिथं गेली नाही, हे भर शर्यतीत माझ्या मनात आलं. मी दोन्ही हातांनी भिंत धरली तेव्हा शेजारच्या रांगेतली पोर अजून यायची होती.

निवड झाली. कुठल्याशा वर्तमानपत्राचा एक माणूस तिथं होता. त्यानं बाबांना विचारलं, "पोरीला पोहायला कोणी शिकवलं?" बाबांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "घरचंच शिक्षण हाय, इहिरीतलं." एवढंच. दुसऱ्या दिवशी छापून आलं, की शेतकरी बापानं लेकीला विहिरीत पोहायला शिकवलं. आता गंमत अशी, की बाबांना पोहता येत नाही. गुडघाभर पाण्यात उतरले तरी पंपाचा पाइप घट्ट धरतात. पण छापून आलं म्हटल्यावर गावानं त्यांचा सत्कार केला, शाल आणि नारळ दिला. त्या कार्यक्रमाचा चहा मायनं केला. बाबा खुर्चीवर असे अवघडून बसले होते, जसं काही कुणाचं लग्न आहे आणि चुकून यांनाच बोहल्यावर बसवलंय. घरी आल्यावर त्यांनी शाल काढली आणि मायच्या मांडीवर ठेवली. "तुह्यापाशी ठेव हे." मला वाटलं, पेटीत ठेवायला दिली.

मग पुढची वर्षं पाण्यातच गेली. राज्य, विद्यापीठ, एकदा राष्ट्रीय स्पर्धा, तिथं काही हाती लागलं नाही. ब्रेस्ट स्ट्रोक हा सगळ्यात सावकाश प्रकार. बाकीचे पाणी कापत जातात, आम्ही नमस्कार करत करत जातो. शेवटी माझे गुडघे दुखायला लागले, त्या बेडूकपायांचा हा ठरलेला प्रसाद. पदकं कपाटात गेली आणि मी शिकवायला लागले. शमीम मॅडमची शिट्टी आता माझ्या गळ्यात आहे. त्यांनी निवृत्त होताना दिली आणि म्हणाल्या, "वाजवू नको, आवाज वापर."

तर यंदाचा उन्हाळा. माय "पान्यात चालाले जातो" असं बाबांना सांगून रोज माझ्याबरोबर तलावावर यायला लागली. बाबाही यायचे. बायकांच्या बॅचला पुरुषांना आत सोडत नाहीत, म्हणून ते भिंतीपलीकडं निंबाखाली बाकावर बसायचे. माय पाय झाकणारा पोहण्याचा पोशाख आणि टोपी घालून उथळ पाण्यात दांडी धरून इकडून तिकडं चालायची, बाजारात भाजीचे भाव विचारत फिरल्यासारखी.

मी म्हटलं, "पोह ना, माय."

"बायका पाहून राहिल्या."

"बघू दे की."

"तुह्ये बाबा भायेर बसले हायेत."

"त्यांना भिंतीतून काय दिसतं?"

"भितीतून नाई दिसत," ती म्हणाली. "केसं दिसतात."

घरातली मोठी मंडळी जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. विहिरीवर आता जाळी आहे. रागवायला कुणीसुद्धा उरलं नव्हतं, तरी माझी माय टाळूवर अंबाडा ओढून कोरडी उभी होती. मला तिचा राग आला, आणि त्याहून जास्त तिच्याबद्दल वाईट वाटलं. मी शिकवून शिकवून किती बायकांची डोकी पाण्यात घातली असतील, आणि हे एक डोकं माझ्या हाती लागत नव्हतं.

मग एके दिवशी तिनं दांडी सोडली. कुणाला काही न सांगता, हनुवटी पाण्याला टेकवून निघाली. तेच हात, तेच पाय, पाण्याला कळू न देणारी तीच चाल. दुखरे गुडघे पाण्यात कुठं गेले कोण जाणे. बॅचमधल्या बायका दांडी धरून बघत राहिल्या. एकीनं विचारलं, "मावशी, कोणी शिकवलं तुम्हाला?" माय म्हणाली, "पूर्णामायनं," आणि मग ती बोलायलाच लागली. टरबुजं, पूर, बकरी, सगळं निघालं. मी तिला सांगितलं, की या पोहण्यात दर हाताला डोकं पाण्यावर यायलाच लागतं, तसा नियमच आहे.

"मंग मी नियमातच होती," ती म्हणाली.

गेल्या शनिवारची गोष्ट. बॅच संपत आली होती, बायका एकेक करून वर निघत होत्या. माय अजून पाण्यात होती, मी तिच्या शेजारी काठावर. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "हाड! हाड, हाड!"

मायचं अंग थांबलं. हात दांडीकडं गेले, एक पाय पायरीवर पोचलासुद्धा. मी उठून फाटकाच्या फटीतून बाहेर पाहिलं. रस्ता उन्हात रिकामा पडला होता. निंबाखाली बाबा उभे होते, डोक्याला दुपट्टा, तलावाकडं मुद्दाम पाठ केलेली. कुत्रं कुठंही नव्हतं.

मी परत काठाशी आले. माय माझ्या तोंडाकडं बघत होती.

"कुत्रं हाय का व तथी?"

"नाई."

पाणी तिच्या हनुवटीला हळूहळू लागत होतं. मग म्हणाली, "वावरातबी नोतं आपल्या." पुन्हा थोड्या वेळानं, स्वतःशीच, "कधीच नोतं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडावर हसू, दोन्ही एकदम, आणि ती मला त्या क्षणी विहिरीतल्या माझ्या तरुण मायसारखी दिसली. इतकी वर्षं ती ज्यांच्यापासून केस कोरडे ठेवत आली, ते इतकी वर्षं बांधावर उभं राहून तिला कपडे बदलायला वेळ देत होते.

तिनं पायरीवरचा पाय काढला. छाती भरून श्वास घेतला, दोन्ही हात पुढं सोडले आणि डोकं पाण्यात घातलं. पार खाली गेली. मी घाबरून पुढं सरकले, पण ती सावकाश सरकत होती, काही न करता, नुसती. वर आली तेव्हा धापा टाकत होती. म्हणाली, "लय शांत हाय व खाली."

आम्ही कपडे बदलून बाहेर आलो. तिनं टोपी काढली होती आणि अंबाड्यातून पाणी गळून पोलक्याची पाठ भिजली होती. बाबा निंबाखालून आमच्याकडं आले. त्यांनी तिच्या केसांकडं पाहिलं, डोक्याचा दुपट्टा सोडला आणि तिच्यापुढं धरला.

"पुस. सर्दी होईन," ते म्हणाले. मग ऑटोला हात करायला रस्त्याकडं वळता वळता म्हणाले, "आज बुडी मारली वाटते."

मायनं दुपट्टा घेतला, पण केस पुसले नाहीत. तिनं अंबाडा सोडला, केस पाठीवर मोकळे केले आणि तशीच, ओल्या केसांनी, ऑटोत त्यांच्या शेजारी जाऊन बसली.